प्रौढ वयातला मधुमेह गावानं मिळून रोखायचा तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटाच्या बैठकीत, उपकेंद्राच्या ओट्यावर, शहरातल्या सोसायटीच्या गच्चीवर, जिथे जिथे आम्ही वजनकाटा आणि टेप घेऊन बसलो तिथे हे प्रश्न आले. इथली उत्तरं मधुमेह झालेल्यांच्या उपचारांबद्दल नाहीत. ज्यांना तो अजून झालेला नाही त्यांच्यासाठी, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या आशाताई, गटाच्या अध्यक्षा, शिक्षक, मंडळाचे कार्यकर्ते यांच्यासाठी ती लिहिली आहेत. मधुमेह म्हणजे इथे टाइप टू, मोठेपणी होणारा. लहान मुलांना होणारा टाइप वन हा वेगळा आजार आहे, तो खाण्यापिण्यामुळे होत नाही आणि त्याचा दोष कुठल्याही आईवर टाकू नये.

आईला होता, मामांना होता. म्हणजे मलाही होणारच ना?

धोका जास्त आहे, पण होणारच असं नाही. चीनमधल्या दा चिंग शहरात १९८६ साली ३३ दवाखान्यांमधून ५७७ लोक निवडले गेले. त्यांची साखर वाढलेली होती, पण मधुमेहाच्या पायरीपर्यंत गेलेली नव्हती. काही दवाखान्यांत खाणं आणि व्यायाम यांवर सहा वर्षं काम झालं, बाकीच्यांत नेहमीसारखंच चाललं. तीस वर्षांनी पाहिलं, तर ज्यांच्यासोबत काम झालं त्यांना मधुमेह सुमारे चार वर्षं उशिरा झाला होता, हृदयविकारानं मृत्यू कमी झाले होते आणि आयुष्य जवळपास दीड वर्षानं वाढलं होतं. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २००२ मध्ये आला. वजन सात टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, एवढ्यानं मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

आपल्यासाठी जवळचा पुरावा चेन्नईचा. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं ५३१ जणांवर केलेला हा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या शंभरापैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांचा खाण्याचा आणि हालचालीचा नीट पाठपुरावा झाला, त्यांच्यात ३९ जणांना. या आकड्याच्या दोन्ही बाजू लोकांना सांगाव्यात असं आम्हाला वाटतं. शंभरात सोळा माणसं वाचली ही मोठी गोष्ट आहे. पण सगळं नीट करूनही ३९ जणांना मधुमेह झालाच. उद्या तुमच्या गटातल्या कुणाला झाला, तर त्यानं हयगय केली असं म्हणायचा अधिकार कुणालाही नाही.

मी तर काटकुळा आहे. माझी तपासणी कशाला?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मापं शेजारी शेजारी छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर एकसारखी दिसणारी माणसं आतून इतकी वेगळी असू शकतात. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात हे जन्मापासूनच दिसलं. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू आणि इतर अवयव कमी भरलेले, चरबी मात्र त्या मानानं टिकून राहिलेली.

म्हणून वजनापेक्षा कंबर बघायची. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत. पॅन्टचा नंबर सांगून उपयोग नाही, कारण पॅन्ट पोटाच्या खाली बांधलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप आडवी धरून मोजायचं. साडीवरून मोजलं तर निऱ्या आणि नाडीमुळे माप वाढून येतं. त्यासाठी आडोसा हवा आणि मोजणारी बाईच हवी. हे साधं वाटतं, पण आडोसा नाही म्हणून बायका रांगेतून निघून जाताना आम्ही पाहिल्या आहेत.

आशाताई घरी येऊन तंबाखू, कंबर, आईवडिलांचे आजार असं सगळं का लिहून घेतात?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी तो अर्ज असतो. त्याला सी-बॅक म्हणतात. वय, तंबाखू, दारू, कंबर, हालचाल आणि घरातले आजार यांना गुण दिले जातात. चारपेक्षा जास्त गुण आले, तर तपासणीत तुमचा नंबर आधी लागतो. पण कमी गुण आले म्हणून तपासणी चुकवू नका. तीस पूर्ण झालेल्या सगळ्यांचीच साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, फुकट बघितला जातो. असंसर्गजन्य आजारांचा हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे.

उपकेंद्रात बोटातून रक्त घेतलं, १५२ आली. मधुमेह झाला का?

अजून तसं म्हणता येत नाही. केव्हाही घेतलेल्या रक्तात १४० किंवा वर आली, तर पुढे तपासायला पाठवतात, एवढाच त्याचा अर्थ. निदान शिरेतून घेतलेल्या रक्तावर होतं. उपाशीपोटी १०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली चांगली, १०० ते १२५ मधली अवस्था, १२६ आणि वर मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० ते १९९ मधली अवस्था, २०० आणि वर मधुमेह. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी ५.७ ते ६.४ मधली, ६.५ पासून मधुमेह. त्रास काही नसेल, तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात.

गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या माणसाच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी फसवी कमी येऊ शकते. लोह कमी असलेल्या बाईत तीच तपासणी फसवी जास्त येऊ शकते. अशा ठिकाणी ग्लुकोज पाजूनच बघितलेलं बरं.

"बॉर्डरलाइन आहे, काही नाही, गोड कमी करा" असं सांगून परत पाठवलं. आता?

या एका वाक्यापाशी आपल्याकडची सगळी साखळी तुटते. मधुमेह निघाला तर गोळ्या सुरू होतात, वहीत नाव लागतं, दर महिन्याला बोलावणं येतं. चांगली आली तर प्रश्नच नाही. मधल्याला मात्र ना गोळी, ना वही, ना तारीख. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हिच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक या मधल्या अवस्थेत. गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सगळ्यांत जास्त. महाराष्ट्रात याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली छापलेल्या आकड्यांत, मधुमेह ८.४ टक्के आणि मधली अवस्था १२.८ टक्के होती. मधल्या पायरीवर उभे असलेलेच जास्त आहेत आणि त्यांनाच कुणी हाक मारत नाही.

तुम्ही त्यांच्यातले असाल, तर तीन गोष्टी धरा. वजन जास्त असेल तर पाच ते सात टक्के उतरवायचं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसानं साडेतीन ते पाच किलो. ते सहा महिन्यांत झालं तरी चालतं. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास दम लागेल असं चालायचं. आणि दर वर्षी, त्याच महिन्यात, साखर पुन्हा बघायची. तारीख घरच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

आमच्या मंडळातर्फे मोफत मधुमेह शिबिर घ्यायचं आहे. काय काय लागेल?

आधी एक विचारतो. शिबिरानंतरच्या सोमवारी काय करणार आहात? त्याचं उत्तर नसेल, तर शिबिर घेऊ नका. कळकळीनं सांगतो. मांडव, बॅनर, पाहुण्यांचा सत्कार, दोनशे लोकांच्या बोटांतून रक्त आणि संध्याकाळी सगळं आवरून झालं, अशी शिबिरं आम्हीही घेतली आहेत. वर्षभरानं त्याच गावात गेलो, तर मागच्या वेळी १६०, १८० आलेल्या माणसांनी पुढची तपासणी केलेलीच नव्हती. काहींनी चिठ्ठी जपून ठेवली होती, देवघरात, नोटांबरोबर. तिचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. ती चूक आमची होती.

घ्यायचंच असेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आणि उपकेंद्राच्या सीएचओंशी (सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांशी) बोला. ज्यांची साखर जास्त येईल त्यांना कुठल्या वारी, किती वाजता पाठवायचं ते ठरवा. नावांची यादी आशाताईंच्या हातात त्याच दिवशी जायला हवी. आणि दोनशेऐवजी साठच लोक तपासा, पण त्या साठांपैकी प्रत्येकाच्या घरी महिनाभरात कुणीतरी जाऊन आलेलं असू द्या.

साखर बंद केली, गूळ घेतो. ज्वारीची भाकरी खातो. बरोबर ना?

गूळही साखरच. रक्तात दोन्ही सारखेच वागतात. भाकरी पोळीपेक्षा बरी, कारण तिच्यात कोंड्यासकट सगळं येतं. पण पोळ्या तीन खात होतो म्हणून भाकऱ्याही तीन, असं केलं तर पदरात फार पडत नाही. आपल्या ताटाचा खरा दोष असा की त्यात भात, पोळी, बटाटा आणि वर पातळ वरण, म्हणजे पिठूळच सगळं. मटकी, हरभरा, चवळी यांची उसळ वाटीभर असावी, वाटण म्हणून चमचाभर नको. वरण घट्ट असावं. अंबाडी, चाकवत, शेवग्याचा पाला, जे परसात आहे ते. शेंगदाण्याची चटणी चालते, दही चालतं, अंडं-मासळी खाणाऱ्यांना ती चालते. भात शेवटी आणि थोडा.

आणि चहा. एका कपात दोन चमचे साखर, दिवसाला पाच कप, म्हणजे दहा चमचे, ४० ते ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढानं वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम.

पण आपला चहा पातेल्यात साखर घालूनच उकळतो. घरात सहा माणसं असतील तर साखरेचा निर्णय सहा जणांचा असतो. शेजारी गेलो तर त्यांच्या पातेल्याचा. दवाखान्यात बसून एका माणसाला "चहात साखर घालू नका" म्हणणं सोपं आहे, पण तो माणूस घरी जातो तेव्हा पातेलं आधीच चुलीवर असतं. म्हणूनच हा आजार रोखायला गाव लागतं. एका बचत गटानं ठरवलं की बैठकीचा चहा निम्म्या साखरेचा. दोन महिने कुरकुर झाली. मग घरचा चहा गोड लागायला लागला, असं बायकाच सांगू लागल्या. तसंच ताटाचं. स्वयंपाक सून करते, पण काय करायचं ते पुष्कळ घरांत सासूबाई ठरवतात. आहारावरच्या बैठकीला फक्त सुनांना बोलावलं, तर निम्मं काम वाया जातं. सासूबाईंना पुढच्या सतरंजीवर बसवा.

उपवासाचं काय?

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. खिचडीची ताटली आणि वर बटाट्याची भाजी खाल्ली की साखर भराभर चढते. राजगिरा, शेंगदाणे, दही, ताक, काकडी यांवर उपवास छान होतो. मधुमेहाची औषधं आधीच सुरू असतील, तर मात्र निर्जळी किंवा दिवसभराचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. साखर एकदम खाली जाऊ शकते.

आम्ही शेतात राबतो. आम्हाला कसला व्यायाम सांगता?

खरोखर राबत असाल, तर वेगळा व्यायाम नको. आम्ही फक्त एवढंच म्हणतो की कालच्या दिवसाचा हिशेब मांडून बघा. नांगरणी ट्रॅक्टरवर, फवारणी पंपानं, शेतावर जायला मोटरसायकल, आणि रब्बी निघाल्यावर मृगापर्यंतचे रिकामे महिने. बापानं जेवढी भाकरी खाल्ली तेवढीच मुलगा खातो, पण बापाइतकी पायपीट त्याला नाही. ऊसतोड सोडून शहरात रात्रीचा वॉचमन झालेल्या माणसाचं तर एका वर्षात सगळंच बदलतं. बसून काम, जागरण, वडापाव आणि चहा.

बायकांची अडचण निराळी. "संध्याकाळी चाला" म्हणताना रस्त्यावर दिवा आहे का, कुत्री किती आहेत, एकटी बाई फिरताना दिसली तर लोक काय बोलतात, हे सांगणाऱ्यानं बघितलेलं नसतं. आठ-दहा जणी मिळून निघाल्या की बोलणी थांबतात. आणि शाळेपासून देवळापर्यंतचे बंद दिवे सुरू करा, ही मागणी ग्रामसभेत मांडणं हा मधुमेह रोखण्याच्या कामाचाच भाग आहे. आम्ही ती आरोग्याच्या विषयात नोंदवायला सांगतो.

कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड?

कारलं भाजी म्हणून खा, मेथी भाजीत घाला. पण रस घेतोय म्हणून तपासणी नको, चालणं नको, असं होत असेल, तर त्या रसानं नुकसानच केलं. बिननावाच्या पुड्यांपासून लांब राहा. त्यांत काय मिसळलंय ते कळत नाही.

गोळी घेऊन मधुमेह टाळता येत नाही का?

मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीचा उपयोग दिसला आहे. अमेरिकेच्या अभ्यासात तिनं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, म्हणजे चालण्या-खाण्याच्या जवळपास निम्मं. चेन्नईत गोळीचा आणि राहणीतल्या बदलाचा फायदा सारखाच आला, पण दोन्ही एकत्र दिल्यावर त्यात भर पडली नाही. कुणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतील. मैत्रिणीच्या पाकिटातली घेऊ नका.

गावातल्या साध्या माणसांनी चालवलेले गट खरंच उपयोगी पडतात का?

केरळात याची नीट परीक्षा झाली. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातले ६० मतदान केंद्रांचे भाग घेतले, धोका जास्त असलेले १,००७ लोक निवडले, आणि निम्म्या भागांत त्यांच्यातल्याच लोकांना शिकवून गट चालवले. दोन वर्षांनी गटांच्या भागात १४.९ टक्के लोकांना मधुमेह झाला, बाकीच्या भागात १७.१ टक्के. हा फरक इतका लहान होता की तो योगायोगानंही पडू शकतो, असं संशोधकांनी स्वतः लिहिलं. दारू मात्र कमी झाली, भाजी-फळं वाढली, धोक्याचे गुण उतरले.

काही जण हे वाचून म्हणतात, मग गटांचा उपयोग नाही. आम्हाला तसं वाटत नाही. दोन वर्षं हा काळ थोडा आहे. दा चिंगला फळ दिसायला दशकं लागली. पण पत्रकावर "मधुमेह हमखास टळेल" असं छापू नका. दुसरीकडे अगदी साध्या गोष्टीचाही उपयोग झाला आहे. मधल्या अवस्थेतल्या ५३७ नोकरदार पुरुषांना मोबाइलवर नियमित संदेश पाठवले. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. हा अभ्यास २०१३ चा, भारतातलाच.

बाळंतपणात साखर वाढली होती, नंतर नॉर्मल झाली. विषय संपला ना?

नाही. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सातपट किंवा त्याहूनही जास्त असतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी एकदा आणि मग दर वर्षी तपासणी हवी. बारशाच्या गडबडीत सहा आठवड्यांची तपासणी हमखास राहते, म्हणून लसीकरणाला बाळ आणलेल्या दिवशीच आईचीही साखर बघावी. गरोदरपणात पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ आठवड्यांत ग्लुकोज पाजून तपासणी होते. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही.

आम्हाला सुरुवात करायची आहे. नेमकं कुठून?

बारा ते पंधरा जण पुरेत. वजनकाटा, टेप, एक जाड वही. वार आणि वेळ कायमची ठरलेली. पहिल्या दिवशी भाषण नको, सगळ्यांची कंबर आणि वजन लिहा आणि प्रत्येकाला एकच बदल निवडू द्या, त्याच्याच तोंडून आलेला. पुढच्या बैठकीत आधी त्याचीच चौकशी. जो दोन वेळा आला नाही, त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी जायचं. रागवायला नाही. बहुतेकदा घरात आजारपण असतं, किंवा वजन वाढल्याची लाज.

आणि हे काम आशाताईंच्या डोक्यावर टाकून मोकळे होऊ नका. लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोग, कुष्ठरोग, सर्वेक्षणं हे सगळं त्या आधीच तुटपुंज्या मोबदल्यावर करतात. त्यांच्याकडून यादी घ्या, त्यांना सल्ला विचारा. सतरंजी अंथरणं, वही लिहिणं, घरी जाणं ही कामं गटानं वाटून घ्यावीत. औषधाच्या दुकानातला मुलगा, दूध डेअरीचा सचिव, निवृत्त गुरुजी यांच्यापैकी कुणीतरी तयार होतंच.

किती दिवस चालवायचं?

पहिलं वर्ष दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, त्यानंतर महिन्यातून एकदा. सुगीत, लग्नसराईत, वारीच्या दिवसांत गट तुटतो. तुटला तर पुन्हा त्याच वाराला बसायचं आणि वहीत मागच्या आकड्यापुढे नवा आकडा लिहायचा.